जावयाचं झाड

शिवाजीरावांनी लिंबावर सुरी टेकवली, दाबली, आणि सुरी अर्ध्यातच अडकली.

आता लिंबू कापायला काय करवत लागते? समोर शेजारचा दिपेश आणि त्याची बायको रूपल हौसेनं येऊन बसले होते. टेबलावर ग्लास, साखर, मीठ, वेलदोड्याची पूड, सगळा जामानिमा मांडलेला. पहिलं फळ देवापुढे ठेवून झालं होतं, दुसऱ्याचं सरबत शेजाऱ्यांना पाजायचं होतं. सहा वर्षं ज्या झाडाची वाट पाहिली त्याचं हे सरबत! शिवाजीरावांनी दातओठ खाऊन जोर लावला, तेव्हा कुठं त्या लिंबाची दोन शकलं झाली.

आणि सगळे बघतच राहिले.

बोटभर जाड साल. आत कापसासारखा पांढराफटक थर. त्याच्या मधोमध जेमतेम गर, आणि बियाच बिया. सगळी ताकद लावून पिळलं तर चमचाभर रस निघाला. शिवाजीरावांनी तो जिभेवर घेतला आणि तोंड असं काही वाकडं केलं की रूपलला हसू आवरेना.

"काका, हे लिंबूच आहे ना?" दिपेश दुसरं फळ हातात फिरवत म्हणाला. "नाही म्हणजे, बाहेरून जरा देवी आल्यासारखं दिसतंय."

"रंग बदलला की मऊ पडेल, असं तुम्हीच म्हणत होता," सुगंधाबाई हळूच म्हणाल्या.

शिवाजीरावांनी बायकोकडे असं बघितलं की त्या गप्प झाल्या. दिपेश-रूपलनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि निघून गेले. फाटकातून बाहेर पडताना दोघांचं हसणं ऐकू आलं. शिवाजीरावांचे कान तापले.

त्यांच्यासाठी यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. तारापूरच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. पंप नुसता कानानं ऐकायचा आणि आतलं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा, अशी ख्याती. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. बोईसरजवळ बेटेगावात स्वतःचं रो हाऊस, दारात दोन खाटांएवढी मोकळी जागा. मूळ गाव श्रीगोंद्याकडचं, म्हणजे लिंबाच्या मुलखातलं. त्यामुळे लिंबाच्या बाबतीत आपल्याला कुणी अक्कल शिकवू नये, असा त्यांचा रोकडा दावा होता.

त्यांचे वडील रामनाथ. घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे. आबांनी विहिरीच्या काठावर एक लिंबू लावलं होतं, बी टाकून. त्या भागात तेव्हा सगळे तसंच करायचे. वाफ्यात बी टाकायचं, रोप हातभर झालं की उचलून लावायचं, संपला विषय. पण त्या झाडाचं फळ म्हणजे काय सांगावं! साल इतकी पातळ की आतल्या फोडी मोजाव्यात. टोकाला इवलीशी बोंडी. आणि वास असा की स्वयंपाकघरात एक लिंबू चिरलं तर ओसरीवर बसलेल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं. सात वर्षांपूर्वी गावचा रस्ता रुंद झाला, विहीर बुजवली आणि आबांचं लिंबूही गेलं. त्यानंतर शिवाजीरावांनी गावाकडे जाणंच सोडलं.

आणि त्याच वर्षी लेक गेली.

राजनंदिनी एकुलती एक. तिनं एडवणच्या भावेशशी पालघरला रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी कळवलं. मुलगा शिकलेला, केळी-नारळाची वाडी असलेला, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण जात वेगळी, आणि त्याहून मोठा गुन्हा म्हणजे बापाला विचारलं नाही. शिवाजीरावांनी फोनमधून तिचा नंबर काढून टाकला आणि घरात फर्मान सोडलं, की या घरात तिचं नाव निघता कामा नये, तिचा फोन येता कामा नये आणि इथून जाता कामा नये.

सुगंधाबाईंनी मान डोलावली. त्यानंतर त्यांना गॅसवाल्यांचे फोन मात्र फार यायला लागले. दोन माणसांच्या घरात एवढा गॅस जातो कुठं, हे शिवाजीरावांना कधी कळलं नाही. बाई फोन घेऊन गच्चीवर जायच्या आणि अर्ध्या तासानं खाली यायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात भावेश मोटरसायकलवरून एक रोप घेऊन आला. गोणपाटात मुळं बांधलेली, वर हातभर काडी. शिवाजीरावांनी त्याला दारातच उभं केलं.

"काका, लिंबाचं आहे. तुमच्यासाठी राजीनं पाठवलंय," तो म्हणाला. "एक सांगायचं होतं, याला खालून जर..."

"मला?" शिवाजीराव गरजले. "श्रीगोंद्याच्या माणसाला तू लिंबू लावायला शिकवणार? ठेव तिथं आणि चालू लाग."

पोरगा निमूटपणे रोप ठेवून गेला. वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

रोप लावलं सुगंधाबाईंनी. पण लिंबाचं रोप दारात वाळताना बघणं शिवाजीरावांच्या रक्तातच नव्हतं. आठव्या दिवशी आळं करायला तेच बसले. शेणखत आणलं, निंबोळी पेंड आणली, कुंपण घातलं. पाणी घालताना त्यांना लेक आठवायची. ती लहानपणी नळी धरून अंगणभर चिखल करायची, तेही आठवायचं. हे त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नसतं. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की या झाडाला पहिलं लिंबू लागलं की पिशवीभर काढायची आणि थेट एडवणला जायचं. 'तुझ्या झाडाची लिंबं आणली' म्हणायचं. माफीबिफीची भाषा नको, रडारड नको. लिंबू मध्ये असलं की सगळं सोपं झालं असतं.

म्हणून सहा वर्षं त्या झाडाला ते रोज सकाळी विचारायचे, "काय रे, यंदा तरी?"

त्यात शिवाजीरावांनी एकच डॉक्टरी केली होती, पहिल्याच वर्षी. दसऱ्याला पाने-पक्कड ही हत्यारं मांडून पूजा केली, त्यात झाडं छाटायची नवी कोरी कातरही ठेवली होती. पूजा झाल्यावर तिचं उद्घाटन कुठं करायचं? ते लिंबापाशी गेले. रोपाचा वरचा भाग कसनुसा होता. बुडख्यापासून वीतभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली, तिथून एक बारकी फांदी बाजूला कललेली, चार पानं, तीही पिवळट. आणि त्या पट्टीच्या खालून निघालेला कोंब बघावा तर सरळसोट, हिरवागार, काट्यांनी तरारलेला.

"रोगट भाग ठेवला की सगळं झाड खातो," असं सुगंधाबाईंना ऐकवून त्यांनी पट्टीसकट वरचा भाग कच्चकन उडवला. झाडानं त्यानंतर जे अंग धरलं! दोन वर्षांत पुरुषभर झालं, चार वर्षांत गच्चीला लागलं. "बघितलंस? हात लागावा लागतो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

आणि आता हे. सहा वर्षांनी लागलेली तीस-चाळीस फळं, एकजात खडबडीत, जाडसालीची, कोरडी.

शिवाजीराव बराच वेळ त्या कापलेल्या शकलांकडे बघत बसले. मग एकदम उठले.

"फसवलं," ते म्हणाले. "सुगंधा, जावयानं फसवलं आपल्याला. वाडीवाला माणूस आहे तो, त्याला काय लिंबू कळत नाही? मी दारातून हाकललं त्याचा सूड काढला. मुद्दाम हे रानटी झाड आणून माझ्या दारात रोवलं, आणि मी गाढवासारखं सहा वर्षं पाणी घातलं!"

"अहो, असं कसं करेल तो?"

"केलंय! हे काय समोर आहे!" त्यांनी शकल टेबलावर आपटलं. "उद्या जातो एडवणला. सगळी पिशवी त्यांच्या ओटीवर ओततो आणि सांगतो, आमची मुलगी आम्हाला मेली. आजवर कुठंतरी आत आशा होती, तीही गेली."

सुगंधाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मी पण येते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बोईसरहून पालघर, पालघरहून एडवणची एसटी. माहीम गेलं, केळवं गेलं. मांडीवरच्या पिशवीतल्या त्या खडबडीत फळांचा गुडघ्याला सारखा त्रास होत होता, आणि तो त्रास शिवाजीरावांना हवाच होता. राग थंड व्हायला नको. शेजारी सुगंधाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"अहो, तिथं गेल्यावर लिंबाचं फार बोलू नका," त्या एकदा म्हणाल्या.

"लिंबाचंच बोलायला चाललोय," शिवाजीराव म्हणाले.

भावेशचं घर वाडीच्या तोंडाशीच होतं. ओटीवर एक म्हातारा केळीच्या पानांच्या जुड्या बांधत बसला होता. हा भावेशचा बाप विश्राम. व्याही-व्याही जन्मात पहिल्यांदाच एकमेकांसमोर आले होते. सुगंधाबाईंनी कोण, कुठले ते सांगितलं, तसा म्हातारा लगबगीनं उठला.

"या, या! राजीचे आईवडील! अरं देवा, आधी कळवायचं तरी. बसा. भावेश पालघरला गेला हाय, येलच आता. पाणी घ्या."

"पाणी नको," शिवाजीराव उभ्यानंच म्हणाले. "आमच्यात लेकीच्या घरचं पाणी घेत नाहीत. आणि मी बसायला आलो नाही."

असं म्हणून त्यांनी पिशवी उलटी केली. फळं धडधड ओटीवर पडली, एक घरंगळत विश्रामच्या पायापाशी जाऊन थांबलं.

"हे बघा तुमच्या चिरंजीवांचं लिंबू. सहा वर्षं वाढवलं मी. जावयानं सासऱ्याला असली भेट द्यावी? एवढा कसला राग?"

विश्रामनं फळ उचललं. नखानं साल जराशी खरवडली, नाकाला लावलं. मग शिवाजीरावांकडे बघितलं, परत फळाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"ही तं जंबेरी हाय," तो म्हणाला.

"काहीही असो, लिंबू नाही!"

"नाय, नाय, ऐका. जंबेरी म्हणजे खालचा खुंट. मुळं दांडगी असतात तिची, म्हणून आमी ती खाली लावतो आणि तिच्यावर चांगल्या लिंबाचा डोळा भरतो. डोळा म्हणजे काडीवरचा कोंब. तो सालीत बसवायचा, पट्टी बांधायची. वर येतो तो लिंबू. खालून फूट आली का मोडून टाकायची, नाय तं खुंटच वाढत जातो." तो थांबला. "तुमच्या झाडाचा वरचा डोळा कुठं गेला?"

शिवाजीरावांच्या डोळ्यांपुढे ते रोप उभं राहिलं.

पट्टी. ती प्लॅस्टिकची पट्टी. कललेली बारकी फांदी आणि चार पिवळट पानं. कच्च.

"वर... वर पट्टी होती," ते कसेबसे म्हणाले. "त्याच्यावर बारकी फांदी होती. रोगट वाटली. मी..."

"तुमी छाटली?"

बसायला आलो नाही म्हणणारा माणूस ओटीच्या कडेवर धपकन बसला. "मला लिंबू लावायला तू शिकवणार?" हे स्वतःचं वाक्य त्यांना जसंच्या तसं ऐकू आलं, आणि त्या पोराचं अर्धवट राहिलेलं वाक्यही. याला खालून जर... याला खालून जर फूट आली, तर मोडून टाका. एवढंच तर सांगायला आला होता तो! आमच्याकडे लिंबू बीपासून होतं, त्याला ना वरचं ना खालचं. जे जोमात वाढतं ते झाड. श्रीगोंद्याच्या माणसानं श्रीगोंद्याचं शहाणपण बेटेगावात चालवलं होतं, आणि वर सहा वर्षं लोकांना सांगत सुटला होता, हात लागावा लागतो म्हणून!

विश्राम काही हसला नाही. त्यानं फळं एकेक करून पिशवीत परत भरली. "व्हतं असं," एवढंच म्हणाला, आणि मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. "राजी, सरबत आण गं पोरी. लेकीच्या घरचं नको तं आमच्या घरचं घेतील."

एवढा वेळ मागे वाडीत असलेली राजनंदिनी थोड्या वेळानं आतून आली. हातात ताट, ताटात दोन ग्लास. सात वर्षांनी शिवाजीरावांनी लेक बघितली. अंगानं भरली होती, कपाळावर केसांची तीच बट. ती आईकडे बघून हसली, बापाकडे बघितलं नाही. ग्लास त्यांच्यापुढे ठेवला आणि मागे सरून दाराला टेकून उभी राहिली.

शिवाजीराव नको म्हणणारच होते. पण ग्लासातून वास आला.

त्यांनी ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि तिथंच थिजले. हा वास असा कसा इथं? श्रीगोंद्यापासून इतक्या लांब, समुद्राच्या काठावर, सात वर्षांपूर्वी मेलेल्या झाडाचा वास या ग्लासात कसा? त्यांनी घोट घेतला. विहिरीचा काठ, आबांचा मळकट पंचा, उन्हातून आल्यावर आबा हातात द्यायचे तो पितळी पेला, सगळं त्या एका घोटात घशाखाली उतरलं. घाईनं दुसरा घोट घ्यायला गेले आणि सरबत पँटीवर सांडलं.

"हे लिंबू," ते म्हणाले. "हे कुठलं लिंबू?"

राजनंदिनीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं. "कुठलं म्हणजे?" ती कोरडेपणानं म्हणाली. "तुमच्या दारात आहे तेच. आबांचं."

शिवाजीरावांनी ग्लास खाली ठेवला.

"गावी शेवटचं गेलो होतो ना, तोडायचं म्हणून झाडावर लाल पट्टा ओढला होता तेव्हा. तुम्ही मागच्या खोलीत जाऊन पडला होता. मी चार काड्या कापल्या, ओल्या ओढणीत गुंडाळल्या आणि इथं येऊन भावेशला दिल्या. त्यानं दोन खुंटांवर डोळे भरले. एक इथं लावलं, एक तुम्हाला पाठवलं. सांगायचं नाही असं मीच ठरवलं होतं. म्हटलं, पहिलं फळ कापतील तेव्हा बाबांना वासावरूनच कळेल. आणि मग ते फोन करतील."

शिवाजीरावांना वाटलं, आता याहून जास्त काही ऐकायचं राहिलं नाही. आबांचं लिंबू जगातून गेलं म्हणून आपण गाव सोडलं, आणि ते चालत आपल्या दारात आलं होतं! आणि आपण नवी कातर घेतली, हळदकुंकू लावलं, आणि दसऱ्याच्या दिवशी स्वतःच्या हातानं...

पण ऐकायचं अजून राहिलं होतं.

"तिसऱ्या वर्षी इथल्या झाडाला फळं आली," राजनंदिनी म्हणाली. "म्हटलं, तिकडेही आली असणार. आईला विचारलं. आई म्हणाली, खूप लागतात, बाबा रोज एक ग्लास सरबत घेतात."

शिवाजीरावांनी गर्रकन मान वळवली. सुगंधाबाई ओटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या.

"काय करणार होते मी?" त्यांना रडू फुटलं. "पोरगी फोनवर पहिलं ते लिंबाचंच विचारायची. जावयानं प्रेमानं दिलेलं झाड, वांझ निघालं असं कोणत्या तोंडानं सांगायचं? जावयाच्या वस्तूला नाव ठेवतात का कोणी? तिला वाईट वाटेल म्हणून म्हटलं, लागतात. पुढच्या वर्षी तिनं परत विचारलं, मी परत म्हटलं, लागतात. ते आबांचं आहे, हे मला काय माहीत!"

"म्हणजे?" आता दचकायची पाळी राजनंदिनीची होती. "लागत नव्हती?"

"नाही गं पोरी. बाबांनी पहिल्याच वर्षी वरचं छाटलं. ती पिशवी बघ."

राजनंदिनीनं पिशवीत डोकावलं. एक जंबेरी हातात घेतली आणि कितीतरी वेळ तशीच धरून उभी राहिली. वाडीतल्या पंपाचा आवाज येत होता.

"तीन वर्षं, बाबा," ती शेवटी म्हणाली. "तीन वर्षं मी असं समजत होते की तुम्ही ओळखलंय. रोज सकाळी आबांच्या लिंबाचं सरबत पिताय, ते कुणी पाठवलं तेही तुम्हाला कळलंय, आणि तरीसुद्धा तुम्हाला माझं नाव घ्यावंसं वाटत नाही. म्हटलं, ज्याला आबांच्या लिंबानंही पाझर फुटत नाही त्याची वाट कशाला बघायची? मी वाट बघणं सोडून दिलं."

"अगं पण मला ते मिळालंच नाही!" शिवाजीराव काकुळतीला येऊन म्हणाले. "मला काही माहीतच नव्हतं. मी पण फळाचीच वाट बघत होतो, आईशप्पथ! पहिलं लिंबू लागलं की पिशवी भरून तुझ्याकडे येणार होतो, असं मी सहा वर्षं..."

"फोन करायला लिंबू कशाला लागत होतं, बाबा?"

तिनं जंबेरी पिशवीत ठेवली आणि आत निघून गेली.

विश्रामनं घसा खाकरला. बिचारा जे त्याच्या हातात होतं ते सांगायला लागला. "झाडाचं मनाला लावून घेऊ नका. सहा वर्षांचा खुंट हाय, मुळं खोल गेली असतील. वरचा सगळा कापायचा, नवी फूट आली का तिच्यात आमच्या झाडाचा डोळा भरायचा. भावेश येऊन करून देल. दोन-तीन वर्षांत फळ धरंल."

दोन-तीन वर्षं. शिवाजीरावांनी वाडीकडे बघितलं. घराच्या मागल्या अंगाला, नारळाच्या सावलीबाहेर, एक बुटकं घेरदार झाड उभं होतं. बारीक पानं, फांद्यांतून लिंबं लगडलेली. ते इथून उठून त्याला हातही लावू शकले असते. पण त्यांनी खिशातून फोन काढला.

"सुगंधा, राजीचा नंबर सांग."

सुगंधाबाईंनी डोळे पुसत आपला फोन पुढे केला. "यावरूनच करा. गॅस सिलिंडर म्हणून ठेवलाय."

शिवाजीरावांनी बायकोकडे बघितलं. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. "नको," ते म्हणाले. "माझ्या फोनवरून जायला पाहिजे. तू आकडे सांग."

त्या एकेक आकडा सांगत गेल्या, नंबर त्यांना तोंडपाठच होता. शिवाजीरावांचं जाड बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा नंबर लागला आणि आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. भिंतीपलीकडे, दहा पावलांवर. वाजत राहिला. विश्राम पानांच्या जुडीकडे बघत बसला, सुगंधाबाईंनी तोंडात पदर कोंबला. आता हा बंद पडणार, असं शिवाजीरावांना वाटलं, आणि पुन्हा लावायची हिंमत आपल्यात नाही हेही त्यांना कळलं.

फोन उचलला गेला.

"हॅलो."

"मी... मी बाबा बोलतोय."

"बोला," ती म्हणाली.

सात वर्षांत मनाशी घोळवलेलं एकही वाक्य शिवाजीरावांना आठवेना. त्यांनी ग्लासाकडे बघितलं.

"राजे, लिंबू ओळखलं गं मी," ते म्हणाले. आणि ओटीवर, व्याह्यासमोर, तो तीस वर्षं यंत्रं ठोकणारा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

पलीकडून हुंदका आला, एकदा फोनमधून आणि एकदा दारातून.

"ऐकतेस ना?" त्यांनी विचारलं. "माझं थोडं सांडलं. आणखी एक ग्लास देशील का?"

"आणते," ती म्हणाली. पण फोन काही तिनं ठेवला नाही. बरणीचं झाकण उघडल्याचा, सुरीचा आणि चमच्याचा आवाज शिवाजीराव कानाला फोन लावून ऐकत राहिले.